पाण्यात उघडणारी माशी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या व्हार्फ नदीवर ट्राउट मासा गरवणारे लोक पिढ्यानपिढ्या गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून जी नकली माशी बांधत आले, ती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची निराशाच होते. बोटाच्या पेराहून लहान गळ, त्याच्या दांडीवर नारिंगी रेशमाचे वेढे आणि दोरी ओवायच्या डोळ्यापाशी तित्तिराच्या तपकिरी पिसाचे जेमतेम दहा-बारा केस. पंख नाहीत, शेपूट नाही, चमक नाही. दुकानात शेजारच्या कप्प्यांमध्ये मणी ओवलेल्या, सोनेरी तारा गुंडाळलेल्या माश्या असतात. त्यांच्याजवळ ही कुणीतरी बांधता बांधता मध्येच सोडून दिल्यासारखी दिसते. नावही तसंच, पार्ट्रिज अँड ऑरेंज. तित्तिर आणि नारिंगी रेशीम, ज्या दोन वस्तूंनी बांधली त्यांचीच नावं.

पण ती ग्लासभर पाण्यात सोडून बघावी. रेशीम भिजलं की नारिंगीचा भडकपणा उतरतो आणि त्या जागी गर्द, तांबूस, आतून उजेड लागल्यासारखा रंग येतो. ओलं रेशीम थोडंसं पारदर्शक होतं, त्यामुळे खालची गळाची दांडीही रंगात भाग घेते. पिसाचे केस आधी मागे पडून राहिलेले असतात, ते सुटे होतात, पसरतात. ग्लासला बोटाने हलकासा धक्का दिला की सगळे केस एकदम आत मिटतात आणि पुन्हा उघडतात. पक्षी जिवंत असताना पीस ज्या मऊपणामुळे अंगाला चिकटून बसत होतं, तोच मऊपणा आता पाण्यात काम करतो. कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस लावलं तर हे होत नाही. ते काटक्यांसारखं उभं राहतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की ओल्या माशीची परीक्षा कोरड्या डबीत करूच नये. ‘ओली’ म्हणजे वेट फ्लाय, पाण्याखाली चालवायची. पाण्यावर तरंगवायची ती ड्राय फ्लाय. डबीत देखणी दिसणारी ओली माशी बहुतेक वेळा जास्त पिसं, जास्त लव, जास्त सगळं घालून बांधलेली असते आणि भिजली की तिचा नुसता गोळा होतो. यॉर्कशायरच्या खोऱ्यांमधली ही बांधणी, जिला इथले लोक ‘स्पायडर’ म्हणतात, मला शिकवून गेली ती वगळण्याची शिस्त. आठ-दहा हिवाळे झाले तरी मी अजून तेच शिकतेय.

ट्राउटच्या बाजूने बघितलं तर ही शिस्त लगेच पटते. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली होतं. व्हार्फवर मार्च-एप्रिलमध्ये भर दुपारी बाहेर पडणारी लार्ज डार्क ऑलिव्ह नावाची मेफ्लाय (पाण्यात वाढणारा पंखांचा किडा) आहे, शास्त्रीय नाव बीटिस ऱ्होडॅनाय. आयुष्याचा बहुतेक काळ ती तळाच्या दगडांवरचं शेवाळ खरवडत, तीन शेपट्यांच्या पाणकिड्याच्या रूपात काढते. दिवस आला की पोहत वर येते, पाण्याच्या कातडीला खालून टेकते, स्वतःचं आवरण फाडते आणि पंख बाहेर काढते. थंड, वाऱ्याच्या दिवशी या कामाला वेळ लागतो. काहींचा एक पंख अडकतो, काही अर्ध्या बाहेर आल्या असतानाच खळाळात बुडतात. ज्या सुटतात त्या काठच्या झाडांवर जाऊन पुन्हा एकदा कात टाकतात आणि मग त्यांची जोडी जमते.

यापुढची गोष्ट मला कळली तेव्हा मी थक्क झाले होते. या जातीची मादी अंडी पाण्यावरून टाकत नाही. प्रवाहातून डोकं वर काढलेल्या एखाद्या दगडावर ती उतरते, पंख अंगासरशी मिटते आणि चालत पाण्याखाली जाते. पंखांमध्ये हवेचा पातळ थर धरलेला असतो, तो चांदीसारखा चमकतो. दगडाच्या खालच्या अंगाला ती अंड्यांचा एक पदर चिकटवते. काम झालं की पकड सुटते आणि प्रवाह तिला घेऊन जातो. ट्राउट दगडाच्या पुढे, खालच्या प्रवाहात, दगडाकडे तोंड करून उभी असते.

म्हणजे वर चढणारी, अडकलेली, बुडालेली आणि अंडी घालून सुटलेली, एकाच किड्याच्या या चार अवस्था माशाला पाण्याखालीच भेटतात. चारींचं हुबेहूब चित्र काढायचं तर चार वेगळ्या माश्या बांधाव्या लागतील. स्पायडर यातली कुठलीच नक्कल नेमकेपणाने करत नाही. सडपातळ अंग आणि हलणारे थोडे पाय-पंख, एवढंच ती दाखवते आणि बाकीचं माशावर सोडते. त्यामुळेच तिच्यात काही जास्तीचं भरलं की ती चारही अवस्थांपासून दूर जाते.

गळावर पीस आणि लोकर बांधून मासा फसवण्याची कल्पना यॉर्कशायरची नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात रोमन लेखक एलियन याने मॅसेडोनियातल्या अस्ट्रेयस नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय: ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या लाल कातडीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावून ठिपक्यांचे मासे धरत. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गरवण्यावरच्या निबंधात बारा माश्यांची यादी आहे. त्यातली मार्चसाठीची पहिली माशी करड्या लोकरीच्या अंगाची आणि तित्तिराच्या पिसांची. पाचशे वर्षांपूर्वीचं ते तित्तिर आजही माझ्या टेबलावर आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

यॉर्कशायरच्या खोऱ्यांमधल्या याद्या मात्र वेगळ्याच आत्मीयतेने लिहिलेल्या आहेत. व्हार्फडेलच्या, म्हणजे व्हार्फच्या खोऱ्यातल्या, माश्यांची जॉन स्वॉरब्रिक याची हस्तलिखित यादी १८०७ची आहे. १८८५मध्ये टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशायरच्या ट्राउट माश्यांवरचं पुस्तक लीड्समध्ये काढलं, त्यात बासष्ट माश्या रंगीत चित्रांसकट दिल्या. पंख लावलेल्या माश्यांपेक्षा नुसत्या पिसाच्या झालरीच्या माश्या उत्तरेतल्या नद्यांना जास्त मानवतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे १९१६मध्ये एडमंड्स आणि ली या दोघांनी याच नद्यांवर पुस्तक केलं, आणि त्याच्या पन्नास खास प्रतींमध्ये खरं रेशीम, खरी पिसं आणि बांधलेल्या माश्या घातल्या. शब्दांनी रंग सांगता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ‘पिवळसर करडा’ म्हटल्यावर दहा माणसं दहा रंग उचलतील.

या याद्या सलग वाचल्या की खोऱ्याचा नकाशाच समोर येतो. वर माळावरचा ग्राउस आणि सोनचिखल्या, दलदलीतला पाणलावा, शेताच्या बांधावरचं तित्तिर, काठच्या लव्हाळ्यातली पाणकोंबडी, गवताळ कुरणाखाली बोगदे काढणारा मोल नावाचा लहानसा प्राणी. ज्या पाण्यात किडे जन्मतात त्याच पाण्याच्या आजूबाजूला राहणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरून ही सामग्री आली. शेतावर, गिरणीत, खाणीत काम करणाऱ्या माणसांना जे हाताशी मिळालं त्यातून त्यांनी शोधलं, आणि जे चाललं ते मुलांना सांगितलं.

त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये, हॅम्पशायरच्या खडूच्या डोंगरातून झरणाऱ्या नितळ, संथ नद्यांवर फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी तरंगणाऱ्या माशीचं शास्त्र मांडलं. १८८६चं त्यांचं पुस्तक गाजलं आणि ओली माशी म्हणजे गावठी, कमी कौशल्याची, असा समज पसरला. तो समज मला मुळीच मान्य नाही. हॅम्पशायरमधल्या टेस्टसारख्या आरशासारख्या नदीवर तरंगणारी माशी शोभते. व्हार्फ पावसाची नदी आहे, माळावरचं पीट (कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती) धुऊन चहाच्या रंगाची होऊन येते, दगडांवरून आपटत जाते. तिथे पाण्याखाली काय चाललंय याचा अंदाज दोरीच्या नुसत्या थबकण्यावरून घ्यावा लागतो. याला कमी कौशल्य कोण म्हणेल?

आता प्रत्यक्ष बांधणी. उदाहरणाला वॉटरहेन ब्लोआ घेते, कारण वर सांगितलेल्या ऑलिव्हसाठी हीच बांधतात आणि तिच्यात लपायला जागा नाही.

चौदा नंबरचा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, धरायचा. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो.) पिवळं रेशीम, ज्याला प्रिमरोज म्हणतात ते. जुन्या बांधण्यांमध्ये पीयर्सल या १७९५ सालापासूनच्या कंपनीचं गॉसमर रेशीम सांगितलेलं असतं. ती लाकडी रिळं आता मिळणं कठीण झालंय आणि ज्यांच्याकडे आहेत ते जपून वापरतात. रेशीम आधी मेणातून ओढायचं. जोडे शिवणारे वापरतात ते राळ घातलेलं काळपट मेण चिमटीत दाबून उबदार करायचं आणि त्यातून दोरा एका दमात खेचायचा. सावकाश खेचला तर तुटतो. मेण लागलं की पिवळा रंग झाकोळतो, थोडा ऑलिव्हकडे झुकतो. किडाही अगदी त्याच रंगाचा असतो. रंगवलेला ऑलिव्ह दोरा बाजारात मिळतो, पण मेणाने आलेल्या रंगाला जी खोली असते ती त्याला येत नाही.

डोळ्याच्या थोडं मागून सुरुवात करून वेढ्याला वेढा लावत मागे जायचं. गळाच्या टोकाच्या वर आलात की थांबायचं, फार तर एखादा वेढा पुढे. नवशिक्याचा हात गळाच्या बाकापर्यंत जायला शिवशिवतो. पण स्पायडरचं अंग आखूडच हवं. मग मोलच्या कातडीवरून लव उपटायची. मोलची लव निळसर करडी असते, इतकी बारीक की चिमटीत आहे की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागतं. फोडणीत हिंग घालावा तितकीच घ्यायची. मेण लावलेल्या दोऱ्यावर ती बोटांनी पिळायची, आणि पुन्हा अंगावरून पुढे यायचं. नीट जमलं असेल तर करड्या धुक्यातून पिवळं रेशीम दिसत राहतं. ते दिसेनासं झालं तर लव जास्त झाली. नखाने ओरबाडून काढून टाकायची.

आता पीस. पाणकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूला, काखेकडे, लहान धुरकट पिसांच्या ओळी असतात. त्यातलं असं पीस निवडायचं की त्याचे केस गळाच्या लांबीइतके किंवा जरासेच जास्त लांब असतील. खालचा कापूस सोलून टाकायचा. टोकाकडचे केस सोडून बाकीचे मागे सारायचे आणि टोकाने पीस गळाला बांधायचं. इथे माझ्या शिक्षकांची एक खूण आहे: पिसाची एक बाजू पूर्ण सोलून टाकायची, म्हणजे वेढे दिले तरी केस निम्मेच पडतात आणि एकमेकांत गुंतत नाहीत. पिसाची दांडी चिमट्यात धरून वेढा द्यायचा तो केस मागे चोळत चोळत. मग दोऱ्याने दांडी पकडायची, उरलेली छाटायची, डोळ्यापाशी चार-पाच वेढ्यांची गाठ ओढून घ्यायची. डोकं होईल तेवढं लहान. संपलं. जमत असेल तर पाच मिनिटांचं काम, आणि मला अजूनही एकेक माशी मनासारखी व्हायला बराच जास्त वेळ लागतो, कारण मी पीस निवडण्यात वेळ घालवते. तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

मला हे शिकवणारे आजोबा (नात्याने नव्हे, वयाने) आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत होते. हिवाळ्यात गावच्या सभागृहात आठवड्यातून एका संध्याकाळी आम्ही जमतो. बाहेर चार वाजताच अंधार पडलेला असतो. दोऱ्याचा ताण म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना जन्मभराच्या कामाने कळलेलं आहे. तुटायच्या एका केसाआधी थांबायचं, असं ते सांगतात आणि मग माझा दोरा स्वतःच्या बोटावर घेऊन ती जागा दाखवतात. भारतातल्या कापसाच्या गिरण्यांबद्दल ते मला खूप विचारतात. माझे आजोळचे आजोबा परळला गिरणीत होते, त्यामुळे मला सांगायला थोडंफार असतं, आणि मग आम्हा दोघांचं बांधणं बाजूला राहतं.

एक गोष्ट इथे जाता जाता सांगते. नायलॉन येण्याआधी माशी ज्या तंतूला बांधत तोही रेशमाच्या किड्याचाच असे. कोश विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवून त्याच्या रेशीमग्रंथी ताणून त्यांचा सलग, पारदर्शक तंतू करत. स्पेनमधलं मुर्सिया या धंद्याचं मोठं केंद्र होतं. त्याच्याही आधी पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचा केस असे. आता पुन्हा स्पायडरकडे. स्कॉटलंडचे डब्ल्यू. सी. स्टीवर्ट, ज्यांनी १८५७मध्ये प्रवाहाच्या वरच्या दिशेने ओली माशी टाकण्याचा जोरदार पुरस्कार केला, ते तीनच स्पायडर वापरण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. त्यातला काळा स्पायडर तपकिरी रेशीम आणि स्टार्लिंगच्या पिसाचा. तो आपल्याला जेम्स बेली या गरवणाऱ्याकडून मिळाला, असं स्टीवर्ट स्वतःच नोंदवतात. हे श्रेय देणं मला आवडतं.

त्यांच्या उरलेल्या दोन स्पायडरांना लागणारी पिसं डॉटरेल आणि लँडरेल या पक्ष्यांची. आज दोन्ही वापरता येत नाहीत आणि वापरू नयेत. डॉटरेल ब्रिटनमध्ये मोजक्या उंच डोंगरांवर उरलाय. लँडरेल, म्हणजे कॉर्नक्रेक, पूर्वी गवताच्या कुरणांमध्ये सगळीकडे ओरडायचा. गवतकापणीची यंत्रं आली, कापणी लवकर होऊ लागली, जमिनीवरची घरटी कापली गेली, आणि आता तो मुख्यतः स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर सापडतो. त्यामुळे जुनी यादी वाचताना मध्ये मध्ये अशी एखादी जागा येते जिथे पक्षीच नाही. आम्ही तिथे दुसरं पीस लावतो. मासा घेतो. पण पर्यायी पीस चालतं म्हणून पक्षी गेल्याचं दुःख कमी होत नाही.

घरी पुण्याला फोनवर याबद्दल बोलणं निघालं की धाकटी मावशी दरवेळी एकच विचारते, ‘अगं, पिसांसाठी पाखरं मारता का तुम्ही?’ प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देत नाही. तित्तिर, पाणलावा, पाणकोंबडी, ग्राउस हे इथे खाण्यासाठी ठरावीक मोसमात कायद्याने मारले जातात. पंख खाटकाकडून किंवा शिकाऱ्याकडून मिळतात, एरवी ते फेकलेच जातात. रस्त्यावर गाडीखाली आलेला पक्षीही पुष्कळदा कामी येतो. एका पंखात कित्येक माश्या होतात. तरी ग्राउसच्या माळांबद्दल मला अस्वस्थता आहे. ग्राउस वाढावेत म्हणून तिथली झुडपं जाळतात, आणि शिकारी पक्ष्यांचा, विशेषतः हेन हॅरियरचा, बेकायदा छळ होतो हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ग्राउसचं पीस लागणाऱ्या माश्या मी फार थोड्या बांधते. मावशीचं समाधान होतं असं नाही, पण तिला खरं उत्तर मिळतं.

पिसांच्या या व्यवहारात आपला सह्याद्रीही आहे, आणि त्याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. राखी रानकोंबडा हा फक्त भारतीय द्वीपकल्पातला पक्षी. कोयना-राधानगरीच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला पिवळसर पांढरा, कडक, चकाकणारा ठिपका असतो, पिसाचेच धागे एकत्र होऊन मेण गोठल्यासारखा झालेला. इंग्रज अमदानीत या मानांना ब्रिटनमध्ये प्रचंड मागणी होती. सामन माशासाठीची जॉक स्कॉट असो की ट्राउटसाठीची डंकेल्ड ही ओली माशी, दोन्हींना हाच ठिपका लागतो. ‘जंगल कॉक’ हे नाव इथल्या प्रत्येक बांधणाऱ्याच्या तोंडात आहे. पक्षी कुठला, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे तो आता संरक्षित आहे, पिसं बाहेर पाठवता येत नाहीत, आणि इथे विकली जातात ती पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांची. वर्गात एकाने जुन्या पेटीतली एक मान दाखवायला आणली होती, शंभरेक वर्षांपूर्वीची असावी. सगळे तिची चकाकी बघून हरखले. मी ती हातात घेतली तेव्हा मला घाट दिसत होता, आणि मी ते सगळ्यांना सांगितलं. त्या संध्याकाळी माझ्याकडून रानकोंबड्याची बांग ऐकल्याशिवाय कुणी घरी गेलं नाही.

स्पायडरला हा ठिपका लागत नाही, याचं मला बरं वाटतं.

यॉर्कशायरमध्ये ट्राउटचा मोसम २५ मार्चला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. एप्रिलमध्ये बर्न्सॉलच्या पाच कमानींच्या पुलाच्या खालच्या अंगाला उभं राहिलं की पाणी गुडघ्यापर्यंत थंड लागतं, तळ्याकाठी शांत बसून गरवण्याशी याचा काही संबंध नाही. तीन माश्या एका तंतूवर ठरावीक अंतराने लावायच्या: टोकाला पार्ट्रिज अँड ऑरेंज, मध्ये वॉटरहेन ब्लोआ, वर स्नाइप अँड पर्पल. ही शेवटची जांभळं रेशीम आणि पाणलाव्याच्या पंखावरचं गर्द पीस यांची. आखूड दोरी, वरच्या दिशेने टाक, आणि काठीचं टोक उचलत माश्यांबरोबर खाली यायचं. चार-पाच हातांचा प्रवास, की पुन्हा टाक. माश्या बुडून वाहत असतात, दिसत नाहीत. दिसते ती दोरी जिथे पाण्यात शिरते ती जागा. ती जागा थबकली किंवा वाकडी गेली की हात उचलायचा. ट्राउट तोंडात घेते, नकली आहे हे कळताच थुंकते, आणि हे एवढ्या चटकन होतं की विचार करायला गेलात तर संपलंच. आदल्या पावसाळी आठवड्यानंतर पाणी उतरत असेल, रंग अजून चहाचा असेल आणि दुपारी ऑलिव्ह सुटायला लागल्या असतील, तर एका तासात इतकं काही घडतं की जेवणाची आठवण राहत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी आधीच चिमट्याने दाबून टाकलेला असतो. मासा पाण्यातच ठेवून सोडते.

कोकणात आमच्याकडे शास्त्री नदीवर काका गरवायला जायचे ते रात्रीच्या कालवणासाठी. सोडून द्यायचा मासा धरायचाच कशाला, असं त्यांनी मला सरळ विचारलं होतं, आणि मी सांगितलं की माशाला आपण बांधलेली वस्तू खरी वाटली, हे एकदा कळावं म्हणून. काकांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही आणि त्यांचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. मासा खाल्ला जाणं ही नदीशी जास्त जुनी आणि सरळ नातं असलेली गोष्ट आहे. पण व्हार्फमधल्या रानटी ट्राउटची संख्या इतकी नाही की प्रत्येकाने घरी न्यावी.

आणि नदीची तब्येत बरी नाही. इल्कलीजवळचा व्हार्फचा पट्टा डिसेंबर २०२०मध्ये पोहण्याची अधिकृत जागा म्हणून जाहीर झाला, इंग्लंडमधल्या नदीवरची अशी पहिलीच जागा. तिथल्या नागरिकांनी मागणी लावून धरली होती, कारण अशी नोंद झाली की पाण्याची नियमित तपासणी करणं सरकारला भाग पडतं. तपासणी झाली आणि दर्जा खराब निघाला. जोराचा पाऊस आला की पावसाचं आणि सांडपाण्याचं एकत्र वाहणारं पाणी गटारांत मावत नाही आणि प्रक्रियेविना नदीत सुटतं. शेतांवरचं खत आणि माती वेगळीच. बारीक गाळ दगडांमधल्या फटी भरून टाकतो. ऑलिव्हची मादी पाण्याखाली चालत जाऊन अंडी लावते ती दगडाच्या खालच्या बाजूला, हे आठवलं की त्या गाळाचा अर्थ कळतो.

म्हणून महिन्यातून एकदा आम्ही काही जण किडे मोजायला जातो. पद्धत ठरलेली आहे: नदीत उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची, जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि किड्यांचे आठ गट वेगळे करून मोजायचे. आकडे ठरावीक पातळीच्या खाली गेले तर पर्यावरण खात्याला कळवायचं. ट्रेवर वाकलं की बांधणीचं सगळं शिक्षण तिथेच होतं. ऑलिव्हचा किडा किती सडपातळ असतो, पोहताना शेपटी कशी झटकतो आणि थांबला की पाय कसे पसरतो, हे बघून आलेल्या माणसाचा हात लव घेताना आपोआप आखडतो. खरं तर वर्गातल्या प्रत्येक नवख्याला व्हाइसपाशी बसवण्याआधी एकदा ट्रेपाशी उभं करावं, असं मी आजोबांना सुचवलंय आणि या वर्षीपासून आम्ही ते करतोय.

त्या ट्रेवरूनच आमचा जुना वाद चालतो. आजोबा म्हणतात, किड्याला पाय सहा. पिसाचा दीड वेढा पुरे, दोन दिलेस की गर्दी झाली. माझं म्हणणं असं की दीड वेढ्याची झालर हळू पाण्यात उत्तम उघडते, पण बर्न्सॉलच्या पुलाखाली जिथे पाणी दोन दगडांमधून जोराने निसटतं तिथे ते चार केस मागे चिकटून बसतात आणि माशी म्हणजे नुसती रेशमाची काडी उरते. एक बाजू सोललेल्या पिसाचे पूर्ण दोन वेढे दिले, तर मागच्या वेढ्याचे केस पुढच्यांना टेकू देतात. ते ऐकतात आणि मान हलवतात. या हिवाळ्यात मी दोन्ही प्रकारच्या वॉटरहेन ब्लोआ बांधून ठेवतेय, एकाच पिसाच्या ओळीतून पिसं घेऊन, एकाच रिळाच्या रेशमावर. मार्चअखेर त्याच खळाळात एकाच तंतूवर, एक वर आणि एक मध्ये लावून, आळीपाळीने जागा बदलत चालवणार आहे, आणि काठावर आजोबा बघायला येणार आहेत.